मोंढा, मध्यमवर्ग आणि मताचा हक्क

बाजार समितीची निवडणूक लागली की अंबाजोगाईच्या मोंढ्यात एक गणित सगळ्यांना तोंडपाठ असते. संचालक १८. त्यांतले ११ सेवा सोसायट्यांच्या मतदारसंघातून, ४ ग्रामपंचायतींच्या, २ व्यापारी-अडत्यांचे आणि १ हमाल-मापाड्यांचा. राज्यातल्या बहुतेक बाजार समित्यांची घडण अशीच आहे. पाठीवर पोते घेणारा इथे हमाल म्हणून मत देतो, गादीवर बसणारा अडत्या म्हणून देतो, आणि सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या वतीने आजवर बहुधा त्याच्या सोसायटीचे संचालक किंवा गावचे ग्रामपंचायत सदस्यच मत देत आले आहेत. विधानसभेला हीच माणसे एका रांगेत उभी राहतात. त्या यादीत नाव, वय, घर क्रमांक असतो. धंद्याचा रकाना नसतो.

विधान परिषदेचा मामला तर याहून मजेचा. तिथल्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या. पदवी घेऊन तीन वर्षे झाली की माणसाला एक मत जास्तीचे मिळते, आणि ते टिकवायला दर निवडणुकीच्या आधी नव्याने अर्ज भरावा लागतो. शिक्षक मतदारसंघात माध्यमिक शाळेच्या सरांना मत आहे, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या गुरुजींना नाही. मतदान केंद्रावर शाई लावायला मात्र गुरुजीच बसतात.

माणूस राज्यकारभारात शिरतो तो नेमका कोण म्हणून? धंदेवाला म्हणून, शिकलेला म्हणून, कर भरणारा म्हणून, की नुसता माणूस म्हणून? व्यापार आणि नागरिकत्व यांवरच्या लेखनाचा हा संग्रह; त्यातले बहुतेक लेखक लंडन, एडिंबरो, पॅरिस आणि क्योनिग्जबर्ग इथले, आणि काळ अठराव्या शतकाचा. तरी त्यांच्या वादाचा गाभा हाच प्रश्न आहे. व्यापार चांगला की वाईट, यावर ते वरवर भांडताना दिसतात. मला वाटते ते भांडण दुय्यम होते. व्यापाराने जो नवा माणूस घडवला, त्याला सभेत कुठल्या नावाने बसवायचे हे त्यांना उमगत नव्हते, आणि आपल्यालाही ते अजून पुरते उमगलेले नाही.

व्होल्तेरपासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये काही वर्षे काढून परतल्यावर त्याने त्या देशाविषयी पत्रे लिहिली. १७३३ मध्ये ती इंग्रजीत आणि १७३४ मध्ये फ्रेंचमध्ये छापून आली. लंडनच्या रॉयल एक्स्चेंज या व्यापारी बाजारात ज्यू, मुसलमान आणि ख्रिस्ती एकमेकांशी असे व्यवहार करतात की जणू सगळे एकाच धर्माचे, आणि नास्तिक तेवढा दिवाळे काढणारा, असे त्याचे निरीक्षण. (व्होल्तेरला बाजाराविषयी आदर असणे साहजिक होते. सरकारी लॉटरीतली एक चूक हेरून तो स्वतः श्रीमंत झाला होता.) १७४८ मध्ये माँतेस्किएने हीच गोष्ट सिद्धान्ताच्या रूपात मांडली. जिथे व्यापार तिथे वागण्याला मृदुपणा, जिथे व्यापार तिथे पूर्वग्रह झिजतात. शिवाय हुंडीच्या शोधामुळे सावकाराची संपत्ती राजाच्या हाताबाहेर गेली. उद्या राजा जप्तीला आला तर ती कागदाच्या तुकड्यावर बसून दुसऱ्या देशात निघून जाईल, म्हणून राजालाही शहाणपण शिकावे लागले. आपल्याकडे हुंडीचा व्यवहार शतकानुशतके चालत होता. राजे त्यामुळे किती शहाणे झाले हा वेगळा विषय.

१७५२ च्या निबंधांत डेव्हिड ह्यूमने आणखी एक पाऊल टाकले. उद्योग आणि चैनीच्या वस्तू वाढल्या की शेतकरी सुस्थितीत येतो आणि कारागीर व व्यापारी मिळून एक मधला थर तयार होतो. या थराला कुणाची गुलामी करायची नसते, आणि सरदारांसारखी दुसऱ्यावर हुकमत गाजवण्याची ताकदही त्याच्यात नसते. त्याला हवा असतो सर्वांना सारखा कायदा. स्वातंत्र्याचा खरा आधार म्हणजे हाच थर. ॲडम स्मिथने १७७६ च्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात हे सारे इतिहासातून दाखवले आणि या मुद्द्याचे श्रेय नाव घेऊन ह्यूमला दिले. त्याची कथा झकास आहे. पूर्वी सरदाराकडे धान्य फार आणि विकत घेण्याजोगे काही नाही, म्हणून तो हजार माणसे पोसायचा आणि ती हजार माणसे त्याच्यासाठी लढायची. मग शहरातून हिऱ्याच्या बकला आल्या. सरदाराने त्या घेतल्या, माणसे पोसणे थांबवले, आणि आपली सत्ता एका दागिन्यासाठी विकून टाकली. क्रांती झाली, पण करायची म्हणून कुणीच केली नाही.

इथवर वाचून ज्यांना स्मिथ व्यापाऱ्यांचा वकील वाटतो त्यांनी पहिल्या भागाचा शेवट जरूर पाहावा. बाजार वाढावा आणि स्पर्धा आटावी यातच व्यापाऱ्याचे हित असते, म्हणून कायद्याची जी सूचना त्या वर्गाकडून येईल ती संशयाने, फार काळ तपासून मगच स्वीकारावी, असे तो बजावतो. व्यापारामुळे स्वातंत्र्य येते, पण व्यापाऱ्यांच्या हाती राज्य देऊ नये: स्मिथच्या मनात ही दोन्ही विधाने एकत्र नांदत होती. ईस्ट इंडिया कंपनीविषयी तो एवढा कडवट का होता ते इथे कळते. दुकानदार म्हणून कंपनीला माल स्वस्त घ्यायचा होता. राजा म्हणून रयत सुखी ठेवायची होती. एकाच गादीवर दोघे बसू शकत नाहीत.

याचे उदाहरण आपल्या दख्खनमध्येच सापडते. १८१४ च्या सुमारास हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी राहिली. देशी संस्थानिकांना कर्ज देण्यास ब्रिटिश कायद्याने युरोपियनांना मनाई होती; १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारकडून या पेढीला खास सूट मिळाली. पेढीचा एक भागीदार विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरी वाढलेली. निजामाची फौज पोसायला पेढी पैसे पुरवी आणि त्या कर्जापोटी वसुलाची हमी घेई. १८२० मध्ये रेसिडेंट म्हणून आलेल्या मेटकाफने याला हरकत घेतली आणि पुढे पेढी बुडाली. निजामाचे फौजेचे देणे मात्र बुडाले नाही. १८५३ मध्ये त्याच्याच निमित्ताने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणत आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे याच फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. त्या घोड्यांचा चारा, दाणा, नाल, कपडा पुरवणाऱ्यांच्या दुकानांवर गावाचा बाजार काही अंशी उभा राहिला. माँतेस्किए म्हणतो तो मृदू व्यापार इथे लष्करी कर्जाच्या पाठीवर बसून आला. मृदुपणा किती आला ते सांगता येत नाही; दुकाने आली.

मग ह्यूमचा मधला थर इथे का आला नाही? आला, पण उलट्या दाराने, आणि या पुस्तकाला स्थानिक वाचक मिळायचा तर तो इथेच मिळेल. निजामाच्या राज्यात सीमेवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते, आत हाली शिक्का हे वेगळे चलन होते, कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती. कापूस आणि तेलबियांचा व्यापार वाढला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ मध्ये लातूरला पोचली आणि लातूरचा बाजार फुगला. अंबाजोगाईला आजही रेल्वे नाही, तालुक्यातल्या घाटनांदूरला जावे लागते. आमच्याकडे भाषणात रेल्वेचे आश्वासन न देणारा उमेदवार कुणी पाहिलेला नाही. पण पैसा आला म्हणून सभा भरवता येत नव्हती. परवानगीवाचून सार्वजनिक सभेला बंदी घालणारे ‘गश्ती निशाण ५३’ हे सरकारी परिपत्रक होते. ह्यूमच्या हिशेबाप्रमाणे अशा वेळी व्यापाऱ्याने आधी कुरकुर करायला हवी. व्यापाऱ्याला मात्र सर्वांना सारखा कायदा मिळवण्यापेक्षा आपल्यापुरती सवलत मिळवणे सोपे आणि स्वस्त पडते. पामरने तेच केले. जिथे सवलत विकत मिळते तिथे हक्क मागणारा मधला थर बाजारातून उठत नाही.

इथे तो शाळेतून उठला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून स्वामी रामानंद तीर्थ १९३५ मध्ये मोमिनाबादला आले आणि योगेश्वरी नूतन विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. मूळचे व्यंकटेश खेडगीकर. ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले, आणि टिळक विद्यापीठाच्या एम. ए. साठी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिलेले. ज्या गावात परवानगीशिवाय सभा घेता येत नाही त्या गावात लोकशाहीच्या इतिहासाचा अभ्यासक शाळा चालवत होता, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. त्यांच्या भोवती शिक्षक, वकील, विद्यार्थी जमले. हिप्परग्याचे सहकारी बाबासाहेब परांजपेही अंबाजोगाईला आले. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली, सत्याग्रह झाला, आणि स्वामीजी शाळा सोडून तुरुंगात गेले. या मंडळींकडे मालमत्ता जवळपास नव्हतीच. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. ह्यूमने कल्पिलेला मधला थर म्हणजे दुकान, गलबत, शेअर असलेली माणसे. आमचा मधला थर म्हणजे खडू हातात घेतलेली आणि वर्तमानपत्र लपवून वाचणारी माणसे.

याच सुमारास निजाम सरकारने एक सुधारणा पुढे केली आणि तिच्यामुळे आपला मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. १९३७ मध्ये अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९३९ मध्ये योजना जाहीर झाली. विधिमंडळ मोठे करायचे. पण निवडलेल्या जागा निम्म्यालाही पोचत नाहीत, मंत्री निजामालाच जबाबदार, आणि प्रतिनिधित्व द्यायचे ते हितसंबंधांना. जहागीरदारांचे, शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, सावकारांचे, वकिलांचे, डॉक्टरांचे, पदवीधरांचे असे वेगवेगळे गट. कागदावर हे फार शास्त्रीय दिसते. समाजात जेवढे धंदे तेवढे आवाज. पण जो जमाखर्च ठेवतो त्याने जमाखर्चावरच बोलावे आणि जो औषध देतो त्याने औषधावरच, राज्य कुणाचे हे दोघांनीही विचारू नये, असा या योजनेचा मथितार्थ होता. १९४६ च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार टाकला तेव्हा नाराजी फक्त जागांच्या आकड्यांबद्दल नव्हती.

याच मुद्द्यावर १७८९ च्या मे महिन्यात व्हर्सायला फ्रान्सचे राज्य अडले होते. धर्मगुरू, सरदार आणि उरलेले सगळे असे तीन वर्ग. मते वर्गावार मोजायची की डोक्यावार? जानेवारीत आबे सियेसचे तिसऱ्या वर्गाविषयीचे पुस्तक येऊन गाजले होते. राष्ट्राचे सारे उपयोगी काम जो वर्ग करतो तोच राष्ट्र, असा त्याचा युक्तिवाद. लक्ष द्यायचे ते इथे: वर्ग मोडा असे सांगताना त्याने पुरावा दिला तो कामाचा, धंद्याचा. आणि काही महिन्यांतच त्याने सक्रिय आणि निष्क्रिय नागरिक अशी फाळणीही केली. १७९१ च्या राज्यघटनेत मत मिळाले ते तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांना. घरगडी बाहेर, बायका बाहेर. काँदोर्सेने १७९० मध्ये आणि मेरी वुलस्टनक्राफ्टने १७९२ मध्ये बायकांच्या बाजूने लिहिले. दोघांचे लेखन या संग्रहात आहे आणि दोन्ही युक्तिवाद आजही ताजे वाटतात. यावर अधिक लिहीत नाही, कारण ते स्वतःच पुरेसे स्पष्ट आहेत.

कांटविषयी मात्र थांबले पाहिजे. १७९३ च्या निबंधात तो म्हणतो की मतदार व्हायचे तर माणूस स्वतःचा मालक हवा, म्हणजे जगण्यासाठी त्याने स्वतःची चाकरी विकू नये, आपला माल विकावा. मग उदाहरणे देताना तो अडखळतो. केसांचा टोप करून विकणारा मालक, केस कापणारा न्हावी चाकर. ही रेघ कुठे ओढायची हे अवघड आहे, अशी कबुलीही तो देतो. १७९७ च्या ग्रंथात त्याने आणखी उदाहरणे दिली आणि त्यांत एक आपल्याकडचे आहे. युरोपातला लोहार स्वतःच्या दुकानात वस्तू घडवून बाजारात मांडतो, म्हणून तो स्वतंत्र; हिंदुस्थानातला लोहार हातोडा, ऐरण आणि भाता घेऊन लोकांच्या घरी जाऊन काम करतो, म्हणून तो निष्क्रिय नागरिक. तसाच शाळेतला शिक्षक स्वतंत्र आणि घरी येऊन शिकवणारा खाजगी शिक्षक परतंत्र. (कांटने तरुणपणी बरीच वर्षे अशी घरची शिकवणी केली होती. अनुभवाचे बोल असावेत.)

क्योनिग्जबर्ग सोडून कधी फारसा बाहेर न गेलेल्या माणसाने आपल्या बलुतेदाराला तत्त्वज्ञानात आणले हे वाचून पहिल्यांदा हसू येते. मग विचार करावा लागतो. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाड्या’त वर्णन केलेला लोहार सुगीला धान्याचे बलुते घेई, नग मोजून दाम घेत नसे. कांटच्या कसोटीवर तो खरोखरच परावलंबी. पण त्याच लोहाराचे बलुते वतनी होते. ते वारसाला जाई, त्यासाठी तो भांडे. आणि गावाचा तंटा गोतसभेपुढे आला की महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारांचीही निशाणी पडे. म्हणजे कांटने ज्याला सभेबाहेर काढले तो इथे सभेत होता. फक्त तो लोहार म्हणून होता. त्याने सुतारकी करायची ठरवली असती तर त्याची निशाणी राहिली नसती. बाजाराने माणूस सुटा होतो असे युरोपचे विचारवंत म्हणत होते ते यासाठी: धंदा बदलला तरी नागरिक तोच राहील अशी त्यांना आशा होती. निजामाच्या १९३९ च्या योजनेत ही आशा नाही. तिला गावगाड्याची आठवण आहे.

मराठी माणसांनी हे विचार फार लवकर वाचले. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चे, कृष्णशास्त्री चिपळूणकरांचे अर्थशास्त्रपरिभाषेचे पुस्तक १८५५ चे. १८७० मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, तीही पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून. सभासद व्हायचे तर किमान ५० माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. मताचा हक्क सरकार देत नाही तर आपणच कागदावर तो उभा करू, ही युक्ती मला अत्यंत हुशार वाटते. मात्र त्या ५० जणांत कोण होते असा प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. फुले स्वतः धंदेवाले. ठेकेदारी केली, टाइप पाडण्याच्या साच्यांची एजन्सी चालवली. थॉमस पेन वाचलेले. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते आणि १८८० मध्ये लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याच्या ठरावाला त्यांनी विरोध केला. ह्यूमचा मधल्या थरातला स्वतंत्र माणूस महाराष्ट्रात शोधायचा झाला तर मी वकिलांच्या सभेत न जाता या फुलमाळी ठेकेदाराकडे बोट दाखवीन. त्यांचे म्हणणे असे की शूद्रातिशूद्र ज्यात नाहीत ती सभा सार्वजनिक कशी?

आणि या सगळ्या मांडणीला खरा तडा जातो तो १९१९ च्या जानेवारीत. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे तरुण भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली. मालमत्तेवर मत ठेवाल तर अस्पृश्य बाहेरच राहतील, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. पण त्याहून खोल मुद्दा व्यापाराचा होता. अस्पृश्याने दुकान काढले तर गिऱ्हाईक कोण येणार? विटाळ मानणारा समाज त्याच्याकडून माल घेत नाही, म्हणून व्यापाराची वाट त्याला बंदच. व्होल्तेरच्या बाजारात दिवाळखोर सोडून सगळ्यांना प्रवेश होता. इथे दिवाळे काढण्यासाठी तरी आधी दुकान चालायला हवे होते. मृदू व्यापाराच्या सिद्धान्ताने गृहीत धरलेली पहिली पायरी, म्हणजे कुणीही कुणालाही काहीही विकू शकतो, तीच इथे नव्हती. आंबेडकरांनी यातून काढलेला निष्कर्ष माझ्या सोयीचा नाही. त्यांनी मताची अट खाली आणा असे सांगितले आणि शिवाय अस्पृश्यांना अस्पृश्य म्हणून वेगळे प्रतिनिधित्व मागितले. धंद्यावार आणि वर्गावार मोजणी चुकीची, डोक्यावार बरोबर, असे मी आतापर्यंत सुचवत आलो आहे. पण ज्याचे डोके बाजारात आणि देवळात मोजलेच जात नाही त्याला डोक्यावार मोजणी पुरत नाही, हे त्यांचे उत्तर मला खोडता आलेले नाही. या संग्रहातल्या एकाही युरोपीय लेखकाला हा प्रश्न पडलेला नाही.

१९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बीड मतदारसंघातून लोकसभेत गेले ते स्वामीजींचे सहकारी बाबासाहेब परांजपे, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटच्या तिकिटावर. हमाल, अडत्या, गुरुजी, बलुतेदार, बायका, सगळ्यांना एकेक मत.

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन शब्द. पानांच्या क्रमाने जाऊ नये. स्मिथच्या तिसऱ्या भागातून सुरुवात करावी, कारण त्यात गोष्ट आहे. मग रूसोचा १७६२ चा ‘सामाजिक करार’, तिसऱ्या भागातले पंधरावे प्रकरण. पैसे देऊन सुटणारा नागरिक कसा गुलाम होतो आणि इंग्रज फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र कसे असतात, हे तिथे आहे. त्याला जोडून फर्ग्युसनचा १७६७ चा ग्रंथ वाचावा. व्यापारी समाजात सार्वजनिक वृत्ती कशी आटते ते एका स्कॉटिश प्राध्यापकाने व्यापाराशी वैर न धरता लिहिले आहे. कांटला शेवटी ठेवले तरी चालेल. ह्यूमचा चैनीवरचा निबंध छोटा आहे, एका बैठकीत होतो. तो संपला की लगेच, मध्ये दुसरे काही न वाचता, आंबेडकरांची साक्ष वाचावी.